टेंपल ऑफ द डॉग : एकच अल्बम काढून थांबले तेच बरं केलं. पटत नसेल तर बोला

गिरणापार (चाळीसगाव) :
सरळ मुद्द्यावर येतो. अमेरिकेतल्या सिॲटलच्या टेंपल ऑफ द डॉग ह्या रॉक बँडचा जो एकुलता एक स्टुडिओ अल्बम आहे तो तिथल्या त्या काळातल्या सगळ्या अल्बमांच्या वरचा आहे आणि तो वरचा आहे कारण ती कोणाचीच मेन बँड नव्हती. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, मदर लव्ह बोन ह्या तिथल्याच बँडचा गायक अँड्र्यू वूड मार्च 1990 मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला, बँडचा पहिला अल्बम बाजारात यायच्या आधीच. साउंडगार्डन ह्या दुसऱ्या बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल त्याचा रूममेट, त्याने 'से हेलो टू हेवन' आणि 'रीच डाउन' ही दोन गाणी लिहिली, ती साउंडगार्डनच्या पठडीत बसेनात म्हणून तो वूडच्याच बँडमधल्या स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटकडे गेला. ड्रमवर साउंडगार्डनचा मॅट कॅमेरून, दुसरी गिटार माइक मॅक्रेडी. आधी नुसता सिंगल काढायचं डोक्यात होतं, झाला अख्खा अल्बम. नोव्हेंबर-डिसेंबर 1990, लंडन ब्रिज स्टुडिओ, 15 दिवसांत काम खलास. हिट झालंच पाहिजे असं कोणी मानेवर बसलेलं नव्हतं, म्हणून 'रीच डाउन' 11 मिनिटांच्या पुढे गेलं तरी कोणी कात्री लावली नाही. मेन बँडचं गाणं असतं तर अर्धं कापलं असतं.
आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद चालूय, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा वाजवणारी चार पोरं साइडला स्वतःची गाणी करतेत, त्यांना मी म्हटलं एकच अल्बम करा मनासारखा आणि सोडून द्या, तर दोघं माझ्यावरच चढले.

धुळे_बेस :
ते 15 दिवसांचं कौतुक बंद करा राव. कॉर्नेल आणि कॅमेरून 1986 पासून एकत्र वाजवत होते, 1989 चा साउंडगार्डनचा अल्बम मोठ्या कंपनीने काढलेला. गोसार्ड आणि अमेंट तर मदर लव्ह बोनच्याही आधी ग्रीन रिव्हरमध्ये बरोबर होते. म्हणजे स्टुडिओत पाय ठेवायच्या आधीच बेस आणि ड्रम कुठे पडणार हे त्यांच्या हातात बसलेलं होतं आणि 15 दिवस फक्त रेकॉर्ड बटणाचे लागले. आपली पोरं हे असलं वाचतेत आणि रिहर्सल न करता स्टुडिओत जातेत, तिथे तासाचं मीटर पडतंय, ड्रमर क्लिकवर म्हणजे कानातल्या ठोक्यावर टिकत नाही, मग रेकॉर्डिस्ट म्हणतो राहू द्या मी रेडिमेड रिदम टाकतो, अन बाहेर येताना हातात जे येतं ते वरातीच्या ट्रॅकसारखंच वाजतं. मी स्वतः दोन अशा रेकॉर्डिंगला बेस धरलाय, नावं विचारू नका.

गिरणापार :
रिहर्सल करू नका असं मी कुठे म्हटलं भो? मी दबावाबद्दल बोलतोय.

भुसावळ_जंक्शन :
दबावाचंच बघू. एप्रिल 1991 ला अल्बम आला, विकला किती, तर सुरुवातीला साधारण 70,000. अमेरिकेच्या हिशेबाने काहीच नाही. मग ऑगस्टमध्ये गोसार्ड, अमेंट, मॅक्रेडीच्या नव्या बँडचा म्हणजे पर्ल जॅमचा 'टेन' आला, ऑक्टोबरमध्ये साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर', दोन्ही चालले, तेव्हा कंपनीला जाग आली की अरे आपल्या गोदामात ह्या दोन्ही बँडच्या लोकांचा एक माल पडून आहे. 1992 च्या उन्हाळ्यात 'हंगर स्ट्राइक' पुढे केलं, व्हिडिओ फिरवला, अल्बम बिलबोर्डच्या म्हणजे तिकडच्या खपाच्या यादीत 5 नंबरला गेला आणि दहा लाखांच्या वर खपला. म्हणजे तुम्ही ज्याला बिनदबावाचं वगैरे म्हणताय ते तुमच्यापर्यंत पोचलं ते मेन बँडच्या जिवावर आणि मार्केटिंगमुळे. तुमच्या चार पोरांच्या मागे कुठली मेन बँड उभी आहे, लग्नाचा ऑर्केस्ट्रा?

मेहरूणची_बोरं :
भुसावळवाले, खप आणि दर्जा ह्यात तुम्ही गल्लत करताय. 70,000 विकला होता तेव्हाही गाणी तीच होती ना, 1992 मध्ये कोणी नवीन सोलो टाकला नाही त्यात.
पण गिरणापार दादांचंही मला पूर्ण पटत नाही. तुम्ही बोलताय असं की जसं सगळं मैत्रीतून आपोआप वाहून आलं. तसं नाहीये. अल्बममधली सरळ वूडवर असलेली गाणी दोनच, तीच जी पहिली लिहिली. बाकीची कॉर्नेलकडे आधीपासून पडलेली किंवा गोसार्ड-अमेंटच्या डेमोवर म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवर शब्द बसवलेली. 'टाइम्स ऑफ ट्रबल'ची चाल तर गोसार्डच्या डेमो कॅसेटमधली, तीच कॅसेट सॅन दिएगोला एडी वेडरकडे गेली होती आणि त्याने त्याच चालीवर वेगळे शब्द लिहून पर्ल जॅमचं 'फूटस्टेप्स' केलं. एकच चाल, दोन बँड. म्हणजे श्रद्धांजलीचा अल्बम हे अर्धंच खरं, बाकी अर्धं शिलकीतलं सामान नीट लावणं आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट आवडतं.
मला जी गोष्ट खरी मोठी वाटते ती म्हणजे त्यांनी काय केलं नाही. वूडची स्वतःची गाणी घेऊन रेकॉर्ड करावी असा विचार निघाला होता, तो त्यांनी लगेच सोडला, कारण त्याच्या घरच्यांना आणि जवळच्यांना वाटलं असतं हे त्याच्या नावावर दुकान मांडतायत. बँडचं नाव तेवढं त्याच्या एका गाण्यातल्या ओळीतून घेतलं, बस. आपल्याकडे एखादा गायक गेला की तेराव्याच्या आत त्याच्या फोटोवर फुलं टाकून त्याचीच गाणी परत गाऊन व्हिडिओ टाकणारे किती आहेत ते मोजा.

केळीबाग_रावेर :
ताई शेवटचं वाक्य एकदम सही.
बाकी हा वेडर म्हणजे पर्ल जॅमवाला ना? तो ह्यात कसा घुसला?

धुळे_बेस :
तो ऑडिशनला आला होता सॅन दिएगोवरून, गोसार्ड-अमेंटच्या नव्या बँडसाठी, म्हणजे जी पुढे पर्ल जॅम झाली. कॉर्नेल 'हंगर स्ट्राइक'ची प्रॅक्टिस करत होता, खालचा सूर आणि वरचा सूर दोन्ही एकटाच ओढायचा प्रयत्न चाललेला, हे पोरगं कोपऱ्यात बसलेलं ते उठलं आणि खालची ओळ गायला लागलं. कॉर्नेलने तिथल्या तिथे त्याला ठेवून घेतलं. रेकॉर्डवर वेडरचा आवाज ठळक असा पहिल्यांदा आला तो ह्या गाण्यात. हे मात्र मी मान्य करतो की मेन बँडमध्ये असं होत नाही, लीड सिंगर आपल्या गाण्यातला अर्धा वाटा काल आलेल्या पोराला देत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात तर माइकची जागा बदलली तरी भांडण होतं.

तापीकाठी :
भाऊ तुमनं बठ्ठं खरं शे, पन आते धा गाना कोन आयकस? लोके तीस सेकंदनी रील दखतस नि पुढे सरकतस. त्या पोरेस्ले सांगा एक गानं करा, अहिरानीमा करा, हळदले वाजी असं करा. अल्बम अल्बम काय लायेल शे.

अमळनेरकर :
तापीकाठी भाऊ, हळदीला वाजणारी अहिराणी गाणी रोज दहा येतेत, त्यात ह्या पोरांनी अकरावं कशाला टाकायचं? एकच काम करून मागे ठेवायची आपल्याकडे रीत आहेच की. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, गाणी कागदावर उतरवून ठेवलेली होती ती सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली, 1952 मध्ये पुस्तक आलं अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. एक पुस्तक. सत्तर वर्षं झाली, पुरून उरलंय. संख्या विचारतं का कोणी?

मेहरूणची_बोरं :
अमळनेरकर, बहिणाबाईंना मध्ये आणू नका हो प्लीज. त्यांचं ते साइड प्रोजेक्ट नव्हतं, शेतात घरात काम करता करता म्हटलेलं आयुष्यभराचं आहे, आणि छापायचं की नाही हे त्यांनी ठरवलंच नाही, त्या गेल्यावर मुलाने केलं. इथे पाच-सहा पंचविशीतले व्यावसायिक वाजवणारे, कंपनी हाताशी, स्टुडिओ बुक केलेला. आपल्या जिल्ह्यातलं नाव आलं की आपण भावुक होतो पण मुद्दा त्याने पुढे जात नाही.

भुसावळ_जंक्शन :
आणि "एकच करून थांबले" हेही तितकं साधं नाही. थांबले कारण पर्ल जॅम आणि साउंडगार्डन दोन्ही तुफान चालायला लागले आणि वेळच उरला नाही. सोडून दिलं म्हणून नाही. नाहीतर 2016 ला, 25 वर्षांनी, वेडर सोडून बाकीचे टूरवर निघाले नसते. ती त्यांची पहिलीच टूर आणि पुढच्या मे महिन्यात कॉर्नेल गेला, म्हणून शेवटचीही. एकच अल्बम हा त्यांचा निर्णय होता असं धरून तुम्ही पोरांना सल्ला देताय, तिथेच गडबड आहे.

गिरणापार :
बरोबर आहे, निर्णय म्हणून नसेल. पण माझा मुद्दा त्याने पडत नाही. थांबायचं ठरवलं नव्हतं तसं पुढे चालवायचंही ठरवलं नव्हतं ना, अल्बम करताना डोक्यात दुसरा अल्बम नव्हता, म्हणून हातचं राखून काही ठेवलं नाही. मॅक्रेडीचंच बघा, पोरगं नवखं, सोलो घ्यायला बिचकत होतं, कॉर्नेलने ढकललं की अरे वाजव मोकळा, तर 'रीच डाउन'मध्ये इतका रंगला की सांगतेत हेडफोन कानावरून पडले आणि मागचा ट्रॅक ऐकू येत नसतानाही वाजवत राहिला. आणि तोच टेक ठेवला. आमच्याकडचा रेकॉर्डिस्ट म्हटला असता परत घ्या, तालातून सरकलंय.

धुळे_बेस :
रेकॉर्डिस्टवर घसरू नका, तिथला रेकॉर्डिस्ट कोण होता ते बघा आधी. रिक पराशर. हो, पराशरच, आपल्याच इकडचं आडनाव. त्याने आणि त्याच्या भावाने 1985 मध्ये तो लंडन ब्रिज स्टुडिओ टाकला होता, ह्या अल्बमनंतर दोन-तीन महिन्यांत पर्ल जॅमचा 'टेन' पण त्यानेच तिथेच केला. स्टुडिओ स्वतःचा, मीटर स्वतःच्या हातात आणि कुठला टेक सरकलाय आणि कुठला सरकून भारी झालाय हे कळणारा कान. मोकळं वाजवलं म्हणून होत नाही, मोकळं वाजवलेलं ओळखणारा समोर बसलेला लागतो. तुमच्या पोरांना आधी असा माणूस शोधायला सांगा, जळगावात नाही सापडला तर नाशिकला सापडेल.

केळीबाग_रावेर :
पराशर?? हे माहीतच नव्हतं भो. आता कुठे असतो?

धुळे_बेस :
2014 मध्ये गेला. आणि मैत्री मैत्री म्हणणाऱ्यांसाठी पुढचं पण सांगतो, त्याच्यामागे ह्याच अल्बमच्या मास्टर टेपा म्हणजे मूळ रेकॉर्डिंग कोणाकडे राहावं ह्यावरून रेकॉर्ड कंपनी 2015 मध्ये कोर्टात गेली.

अमळनेरकर :
हे भारी आहे. 15 दिवसांचं मनासारखं काम आणि 25 वर्षांनी टेपा कोणाच्या.

भुसावळ_जंक्शन :
म्हणून म्हणतो पोरांना आधी कागद करायला लावा. दहा गाण्यांतल्या सात गाण्यांची चाल कॉर्नेलची, शब्द सगळे त्याचे, उरलेल्या तीन चालींवर गोसार्ड-अमेंटचं नाव, हे सगळं कव्हरवर लिहिलेलं आहे. तुमच्या चौघांत चाल कोणाची आणि नाव कोणाचं हे ठरलंय का?

गिरणापार :
नाही ठरलं. दोघं जे माझ्यावर चढले ते त्याच्यावरूनच एकमेकांशी बोलत नाहीयेत सध्या. पण म्हणून अल्बम करू नये असं होत नाही.

मेहरूणची_बोरं :
करू द्या की, कोण अडवतंय. फक्त तुमच्या थिअरीला एक अडचण आहे दादा. 'हंगर स्ट्राइक' मुळात नव्हतंच यादीत, नऊ गाणी झाली होती आणि दहा पाहिजेत म्हणून भर घातली होती. ते हिशेबाने घातलेलं गाणंच आज जगाला पाठ आहे. आता ह्याला मनासारखं म्हणायचं की आकडा पुरा करणं, सांगा.

गिरणापार :
भरीचं होतं म्हणून तर वेडरला अर्धं देऊन टाकता आलं! जीव अडकलेलं गाणं असतं तर दिलं नसतं.

धुळे_बेस :
ही आता पळवाट झाली.