पॅरिसचा गल्लीतला बिस्त्रो: गर्दी-गोंगाट हवाच का?

तिठा:
पॅरिसला जाऊन आलेले ओळखीचे लोक 'फ्रेंच जेवणात काही दम नाही' म्हणतात, तेव्हा मी आधी विचारतो, जेवलात कुठे? उत्तर बहुतेकदा आयफेल टॉवरच्या आसपासचं असतं.

आम्ही 11व्या आरोंदिसमाँमध्ये, म्हणजे शहराच्या 11व्या विभागात, आठ दिवस राहिलो. कोपऱ्यावरच्या बिस्त्रोत (छोट्या, साध्या खानावळीत) वेटरने टेबल अख्खं बाहेर ओढलं, आईला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि टेबल पुन्हा आत सरकवलं. आता शेजारच्या आजींचं कोपर आणि आईचं कोपर यांत चार बोटांचं अंतर! मेनूची पाटी खुर्चीवर आणून टेकवली. आम्हाला ती वाचता येईना, तेव्हा त्या आजींनी स्वतःच्या ताटलीकडे बोट दाखवून मान डोलावली. आम्ही तेच मागवलं: बदकाची तंगडी, तिच्याच चरबीत मंद शिजवलेली.

ही दाटी आहे म्हणून ते जेवण परवडतं. 1992 मध्ये शेफ इव्ह कांदबोर्द क्रियों या बड्या हॉटेलचं स्वयंपाकघर सोडून 14व्या आरोंदिसमाँमध्ये आला आणि त्याने 'ला रेगालाद' काढलं. हात तोच, बडेजाव वजा. आजचे कितीतरी बिस्त्रो त्याच वाटेने चाललेत. शांतता हवी तर तिचे पैसे मोजावे लागतात.

मृद्गंध:
अजिबात पटलं नाही. माझ्या सासऱ्यांना श्रवणयंत्र आहे. आम्ही गेलो त्या बिस्त्रोत फरशी, आरसे, जस्ती काउंटर, सगळीकडून आवाज उलटून येत होता. त्यांना दोन तास फक्त काटे-चमचे ऐकू आले. आठवड्याने नातवाशी बोलायला मिळणार म्हणून ते आले होते, आणि शेवटी गप्प बसून पाव कुस्करत राहिले.

शिवाय आम्ही शाकाहारी. कांद्याचं सूप निर्धास्त मागवलं, तर त्यात गोमांसाचा अर्क. काँते चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, हे तर नंतर कळलं. तुमच्या त्या आजींनी दाखवलेलं ताट आमच्या काय कामाचं?

सेनकाठ:
मी इथे पॅरिसमध्ये नऊ वर्षं राहते. दाटीमुळे स्वस्त, हे आता अर्धंच खरं आहे. वाइन बारमध्ये नॅचरल वाइनचा (बाहेरून फारसं काही न मिसळता केलेल्या वाइनचा) 12 सेंटिलिटरचा ग्लास सहज 8-9 युरोला पडतो, आणि दाटी तेवढीच. पण काही गोष्टी हक्काच्या आहेत. जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा कॅराफ (सुरई) फुकट मिळतो, बाटली घेऊच नका. सर्व्हिसचे पैसे किमतीतच धरलेले असतात. आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही, त्याला दुर्लक्ष समजू नका. टेबल संध्याकाळभर तुमचं, असा त्याचा अर्थ. (दोन पाळ्यांत टेबलं देणाऱ्या जागा सोडून.)

मृद्गंध, तुम्ही दुपारी जा. ठरलेल्या मेनूत तोच स्वयंपाक रात्रीपेक्षा बराच स्वस्त मिळतो, आणि गलकाही कमी.

तिठा:
सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. शाकाहाराला मात्र जागा आहे: उकडलेल्या लीकवर (जाड कांदापातीसारखी भाजी) मोहरीचं व्हिनेग्रेट, म्हणजे तेल-व्हिनेगरचं मिश्रण, इतकं सुंदर लागतं!

मृद्गंध:
ती कोशिंबीर झाली हो, जेवण नाही. शाकाहारी माणसाने सुरुवातीच्या पदार्थावरच पोट भरायचं का? यावर माझं मत बदलणार नाही. पण दुपारचं करून बघते. फोनवर निवांत कोपरा मागता येतो का?

सेनकाठ:
येतो की. 'अँ क्वाँ काल्म' म्हणा, आणि श्रवणयंत्राचं आधीच सांगा. काउंटर आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं टेबल मागा.