क्वेकरांनी आतल्या प्रकाशावर पहारा बसवला, ते बरोबर होतं का?

सांजवात (धागाकर्ती):
क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला एक ख्रिस्ती पंथ. तो सुरू करणाऱ्या जॉर्ज फॉक्स या विणकराच्या मुलाचं म्हणणं सरळ होतं. ख्रिस्त प्रत्येकाच्या आत थेट बोलतो, हाच तो आतला प्रकाश. मध्ये पाद्री नको, चर्चला द्यायचा दशमांश नको. १६५२ पासून उत्तर इंग्लंडात हा विचार वणव्यासारखा पसरला. शेतकरी, मोलकरणी, फौजेतून बाहेर पडलेले शिपाई, ज्याला आतून सुचेल तो पुस्तिका लिहायला लागला. आणि १६७३ मध्ये काय झालं? लंडनमध्ये सोमवारी सकाळी बसणारी एक सभा नेमली गेली. क्वेकरांचं कुठलंही लिखाण छापण्याआधी तिने तपासायचं.

मला हे अजिबात पटत नाही. प्रकाश सगळ्यांच्या आत असेल, तर कुणाचा खरा हे ठरवणारी ही मंडळी कोण? पुढे या सभेने खुद्द फॉक्सचाच एक कागद अडवला. तेव्हा त्याने चिडून कळवलं की माझे कागद अडवायला मी ही सभा काढली नव्हती. तो वारल्यावर १६९४ मध्ये त्याची रोजनिशी छापली, तीही थॉमस एलवुड या क्वेकर लेखकाने चांगलीच मवाळ करून. फॉक्सने केलेल्या चमत्कारांची एक वेगळी वही होती. ती छापलीच नाही आणि कालांतराने हरवली.

वाचनवेडा:
साफ असहमत. तुम्ही १६५६ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जे घडलं ते वगळलंत.

जेम्स नेलर हा क्वेकर त्या काळात फॉक्सच्या तोडीचा वक्ता मानला जायचा. ऑक्टोबरच्या भर पावसात तो घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला आणि सोबतच्या बायका चिखल तुडवत 'पवित्र, पवित्र' असं गात होत्या. जेरुसलेममधल्या येशूच्या प्रवेशाचीच ही नक्कल होती. नेलर म्हणाला, मी फक्त ख्रिस्ताच्या येण्याची खूण आहे. पार्लमेंटला ती धर्मनिंदा वाटली. फाशी ८२ विरुद्ध ९६ मतांनी टळली, पण चाबकाचे ३१० फटके बसले, तापलेल्या सळईने जीभ भोसकली आणि कपाळावर डाग दिला. या एका प्रकाराने देशभरच्या क्वेकरांना वेडसर ठरवायला विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. लोक तुरुंगात मरत असताना 'ज्याला जे सुचेल ते छापा' म्हणणं हा बेजबाबदारपणा झाला असता.

सांजवात:
नेलरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. क्वेकरांची एक पुढारी मार्गारेट फेल, तिच्या घरून फॉक्सला गेलेली सुरुवातीची पत्रं बघा. त्यात त्याला जवळजवळ देवत्व दिलंय. पुढे त्यातले शब्द फॉक्सने स्वतः खोडले. नेलर एक्सेटरच्या तुरुंगात होता तेव्हा फॉक्स भेटायला गेला. नेलर त्याचं चुंबन घ्यायला पुढे झाला, तर फॉक्सने चुंबनासाठी आपला पाय पुढे केला. भक्ती दोघांच्याही वाट्याला आली होती. एकाची चारचौघांत दिसली, दुसऱ्याची कागदावर खोडता आली.

मधुरा_क:
तुमच्या दोघांच्या बोलण्यात धर्ममताचा मुद्दा मागे पडतोय, आणि माझ्या मते खरं भांडण तिथेच आहे.

१६५६ मध्येच जॉन बन्यन या प्युरिटन (कडव्या सुधारणावादी) धर्मोपदेशकाने क्वेकरांविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याचा आक्षेप बिनतोड होता: तुम्ही आतल्या ख्रिस्ताबद्दल इतकं बोलता, मग जेरुसलेमबाहेर क्रुसावर मेलेल्या माणसाचं काय? क्वेकरांच्या बाजूने एडवर्ड बरोने लगेच उत्तर दिलं, बन्यनने प्रत्युत्तर छापलं. १६६८ मध्ये विल्यम पेन या क्वेकराने त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) प्रचलित मांडणीवर हल्ला चढवला, तर त्याला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबलं. आतूनच दुसरी पुस्तिका लिहून त्याला आपली भूमिका स्पष्ट करावी लागली. मग रॉबर्ट बार्कले या क्वेकराने १६७६ मध्ये लॅटिनमध्ये पद्धतशीर ग्रंथ रचला. बायबल हे झऱ्याचं वर्णन आहे, झरा नव्हे, म्हणून ते पवित्र आत्म्याच्या खालोखाल. पण खऱ्या प्रकटीकरणाचा बायबलशी विरोध होऊच शकत नाही, असं त्याने मांडलं. माझ्या मते क्वेकरांच्या सगळ्या लिखाणात हेच सर्वांत भक्कम. अशी शिस्त आली नसती तर बन्यनला शेवटपर्यंत उत्तर मिळालं नसतं.

रेवा:
मधुराशी सहमत. 'मोकळीक विरुद्ध पहारा' ही विभागणीही मला पुरेशी वाटत नाही. १६७० च्या दशकात विल्किन्सन आणि स्टोरी या क्वेकरांनी फॉक्सविरुद्ध बंड केलं ते आतल्या प्रकाशाच्याच नावाने. वरून नियम लादू नका, म्हणाले. त्यांना खुपत काय होतं? त्यातली मोठी गोष्ट म्हणजे बायकांच्या स्वतंत्र सभा. लग्न ठरलं की आधी या सभांपुढे जायचं, हे त्यांना सहन होईना. बायकांनी धर्मसभेत बोलावं म्हणून मार्गारेट फेलने १६६६ मध्ये कैदेत असताना पुस्तिका काढली होती. तो विचार रोजच्या व्यवहारात टिकला तो फॉक्सच्या नियमांमुळे. मोकळीक मागणारे इथे बायकांच्या विरुद्ध उभे होते.

सांजवात:
रेवा, बायकांच्या सभांबद्दल पूर्ण मान्य. पण छपाईवर नजर ठेवणारी सोमवारची सभा पुरुषांचीच होती.

आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं काय? १६९२ मध्ये जॉर्ज कीथ या क्वेकराने तिथल्या क्वेकरांना ठणकावलं की ऐतिहासिक ख्रिस्ताबद्दल तुमची श्रद्धा ढिली झालीय. त्याची पुस्तिका छापली म्हणून विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाला अटक झाली, त्याचे छपाईचे खिळे जप्त झाले. न्यायाधीश कोण? क्वेकर. इंग्लंडात पुस्तिकांपायी ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांचेच हे भाऊबंद! गुलामांची खरेदी थांबवा असं सांगणारं पत्रक १६९३ मध्ये छापून आलं ते याच कीथच्या गटाकडून.

वाचनवेडा:
कीथला प्रत्येकाकडून धर्ममताची कबुली हवी होती, म्हणजे त्याचा पहारा आणखी कडक. नंतर तो अँग्लिकन पाद्री झाला. त्याला मोकळिकीचा शिलेदार करू नका.

गुलामगिरीचं म्हणाल, तर फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चार जणांनी १६८८ मध्येच निषेधाचा अर्ज केला होता. तो एका सभेकडून वरच्या सभेकडे जात राहिला आणि बाजूला पडला, हे खरं. पण त्याच सभांनी १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्वातून काढायचा निर्णय घेतला आणि तो सगळ्यांना लागू केला. एकट्यादुकट्याच्या आतल्या आवाजाने हे झालं नसतं.

सांजवात:
१६८८ ते १७७६, ८८ वर्षं. अर्जातलं म्हणणं पहिल्याच दिवशी खरं होतं. ज्या सभेने ते बाजूला ठेवलं, तिला मी त्याचं श्रेय देणार नाही.