मदत हवी: मायला डायची रिअ‍ॅक्शन येते, पित्ताच्या नळीचा फोटो कसा काढावा?

तापीकाठ, चोपडा:
मायच्या पित्ताशयात खडे निघाले. आता नळीचा फोटो काढायला सांगितलंय. मागे डाय (फोटोत आतलं उठून दिसावं म्हणून देतात ते औषध) दिला तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या, म्हणून ती नाहीच म्हणते. बिनडायचं होतं का? उद्या जळगावला कळवायचंय, लवकर सांगा.

केळीबाग:
कोणता फोटो? सीटी (एक्स-रेचं स्कॅन), एमआरसीपी (चुंबकाच्या मशीनवर पित्तनळीचा एमआरआय) की ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून)? बिलिरुबिन (रक्तातली कावीळ) किती? ताप आहे का?

जुना एक्स-रेवाला, भुसावळ:
आमच्या वेळी पित्ताशयाच्या एक्स-रेला डायची सुई लागत नव्हती, गोळ्याच असायच्या. रात्री बिनतेलाचं जेवण, वर आयोपॅनोइक अ‍ॅसिडच्या अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या. त्यातलं आयोडीन यकृतातून पित्तात उतरायचं, पित्ताशयात दाट व्हायचं आणि सकाळी फिल्मवर पित्ताशय पांढरं उमटायचं. मग तुपातलं खायला घालून ते आकसतं का पाहायचो. ही वाट १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल यांनी दाखवली. फार सुंदर फिल्म यायच्या.

केळीबाग:
काका, सोनोग्राफी आली नि त्या गोळ्या गेल्या. कावीळ असली की तुमची फिल्म कोरीच यायची ना?

जुना एक्स-रेवाला:
यायची, खरंय. पण पित्ताशय काम करतं का, ते त्यातच कळायचं.

शेतशिवार:
फोटो राहू दे भो, सफरचंदाचा रस पाज. माझ्या सासऱ्यांचे खडे पडले.

केळीबाग:
दादा, असं सांगू नका. नळीत अडकलेला खडा रसानं निघत नाही, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

पारोळेकर:
रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. जनआरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा.

तापीकाठ:
चिठ्ठीवर एमआरसीपी आहे. बिलिरुबिन ४.२, ताप नाही. रिअ‍ॅक्शन सीटीच्या वेळी आली होती.

केळीबाग:
हे आधी सांगायचं ना भाऊ! साध्या एमआरसीपीला डाय लागत नाही. नळीतलं पित्तच पांढरं चमकतं, खडा काळा दिसतो. नळीत खडा दिसला तर तो काढायला ईआरसीपी करतील. त्यात सीटीसारखा आयोडीनचाच डाय असतो, पण शिरेत नाही, दुर्बिणीतून थेट नळीत सोडतात. तरी जुनी रिअ‍ॅक्शन डॉक्टरांना सांगाच, फाइलमध्ये डायचं नाव शोधा. थंडी वाजून ताप आला तर उद्याची वाट पाहू नका, रात्रीच न्या.

तापीकाठ:
फाइल धुळ्याला ताईकडे आहे, फोन लावतो. आणि मायच्या मांडीत रॉड आहे, तो चालतो का?

जुना एक्स-रेवाला:
हाडातले बरेचसे रॉड चालतात. पण एमआरसीपीचं मशीन म्हणजे मोठं चुंबक, त्या खोलीत जाण्याआधी सांगा, ऑपरेशनचा कागदही न्या. पेसमेकर तर नाही ना?