'स्पॉट'ला मराठीत काय म्हणावं: बिंदू, डाग की ठिपका?

विचारणारी (एम.एस्सी., सोलापूर): विज्ञान दिनाला माझ्या जुन्या शाळेत क्ष-किरण स्फटिकशास्त्रावर मराठीतून बोलायचंय. डिफ्रॅक्शनला 'विवर्तन' रूढ आहे, तो प्रश्न नाही. अडलंय ते, स्फटिकातून वळून आलेल्या क्ष-किरणांचं जे चित्र मिळतं, त्यातल्या 'स्पॉट'पाशी. 'विवर्तन बिंदू' म्हटलं तर नववीची पोरं भूमितीतला बिंदू धरणार, ज्याला लांबी-रुंदीच नसते. हा तर डिटेक्टरवर (क्ष-किरण टिपणाऱ्या पाटीवर) चार-सहा पिक्सेल अडवून बसतो, कधी लांबुळका होतो, कधी शेजाऱ्याला चिकटतो. आणि 'स्पॉट फाइंडिंग'ला, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्रातले स्पॉट शोधण्याला, काय म्हणू?

मास्तर (निवृत्त, भौतिकशास्त्र): बिंदू नकोच, ठिपका म्हण. 1912 साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी क्ष-किरण सोडले ते मोरचुदाच्या स्फटिकावर. तोच मोरचूद, जो आपल्याकडे द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर पडतो. फोटोच्या काचेवर मधोमध सरळ आलेल्या किरणांचा मोठा डाग उमटला आणि भोवती ठिपके. दोन्ही शब्दांची वाटणी तिथेच झाली बघ. डाग आगंतुक, ठिपका जागेवरचा. रांगोळीत आपण ठिपकेच 'काढतो', डाग कोणी काढत नाही, तो पडतो.

एक मात्र मुलांना सांग, इथलं गणित उलटं आहे. स्फटिकातलं आवर्तनाचं अंतर, म्हणजे अणूंची तीच मांडणी पुन्हा येते ते अंतर, जितकं मोठं, तितके ठिपके दाट.

मागवाला (सोलापूरच्या पूर्व भागातला): मास्तर बरोबर बोलतात. चादरीवर तेलाचा डाग पडला की माल बाजूला काढावा लागतो, नक्षीतल्या ठिपक्याला कोण नाव ठेवणार? आमच्या घरी तेलुगू. मुग्गु (रांगोळी) घालताना आई ज्याला 'चुक्का' म्हणते तो ठिपका, आणि आभाळातली चांदणीपण चुक्काच. कन्नडवाल्यांचं 'चुक्की' पण तसंच. ताई, तुमचं चित्र बघितलं, मला तर चांदण्यांचं आभाळच वाटलं.

विचारणारी: दादा, ही उपमा मी उचलणार! मग 'फाइंडिंग'ला 'ठिपके टिपणे' कसं वाटतं? कानाला गोड आहे.

मास्तर: गोड आहे, पण चुकीचं. टिपतो तो डिटेक्टर, आलेला प्रत्येक फोटॉन. सॉफ्टवेअर नंतर निवडतं. त्याला 'वेचणे' म्हण. तांदळातले खडे वेचतो तसं, फक्त इथे खडेच हवे असतात.

विचारणारी: पटलं. ते काम चालतंही तसंच. प्रत्येक पिक्सेलभोवती छोटी चौकट धरून आतल्या मोजण्या बघायच्या. नुसती पार्श्वभूमी असेल तर मोजण्यांचा चढउतार, म्हणजे प्रचरण, सरासरीइतकंच निघतं. सरासरीच्या बरंच वर गेलं तर तिथे काहीतरी आहे. सगळ्या चित्राला एकच उंबरठा, म्हणजे एकच किमान मर्यादा, लावून भागत नाही, कारण मध्याजवळ पार्श्वभूमी जास्त आणि कडेला कमी.

पण वेचताना डागही हाती लागतात. पिक्सेल बिघडलेला असतो, वैश्विक किरण येऊन आदळतो, नाहीतर नमुना गोठवताना बर्फ धरतं. बर्फाची तर गोल वलयं उमटतात, बर्फाच्या स्फटिकातल्या प्रतलांमधल्या 3.90, 3.67 आणि 3.44 अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक) अंतरांची. त्यांच्यावर बसलेले ठिपके मी सरळ टाकून देते.

मास्तर: पुस्तकांत ठिपक्यासाठी 'रिफ्लेक्शन' (परावर्तन) हा शब्दही येईल, त्याला जपून. ब्रॅग या शास्त्रज्ञ बापलेकांपैकी लेकाने, लॉरेन्सने, स्फटिकातल्या प्रतलांवरून परावर्तन झाल्यासारखं मांडलं, म्हणून तो शब्द टिकला. पण परावर्तन आणि ठिपका एक नव्हे. स्फटिक फिरवत चित्रं घेतली की एकच परावर्तन लागोपाठ दोन-तीन चित्रांत ठिपका म्हणून दिसतं. मुलांसमोर दोन्ही शब्द एकदम काढू नकोस, आरशातच अडकतील.

मागवाला: म्हणजे एकच फूल दोन घड्यांवर आलं, पण फूल एकच. असंच की?

विचारणारी: असंच. मग ठरलं: विवर्तनाचे ठिपके, आणि ते वेचणे. पडद्यावर कंसात 'चुक्का' पण लिहिते. त्या वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगूच बोलतात.