मदत हवी आहे : कोरियन ‘सु’ या अक्षराची व्युत्पत्ती

मराठीतल्या ‘कर’चे हात, सरकारी कर आणि आज्ञार्थी क्रियापद असे तीन अर्थ आहेत, तसेच कोरियन भाषेतील ‘सु’चे दिसते. ‘सुयोइल’ म्हणजे बुधवार, त्यातला ‘सु’ पाण्याचा. ‘सुहाक’ म्हणजे गणित, तिथे तो संख्येचा. ‘गासु’ म्हणजे गायक, आणि तिथे चक्क हाताचा. हे तिन्ही चिनी अक्षरांवरून आलेले आहेत. ‘सुथाक’ (कोंबडा) यातील नरवाचक ‘सु’ मात्र अस्सल देशी असून, त्याच्या अंती पूर्वी असलेल्या हकारामुळेच ‘दाक’चा (कोंबडी) ‘थाक’ होतो, इथवर मला उमगले आहे.

अडचण ‘हाल सु इत्ता’ (करता येते) यातील ‘सु’ची आहे. माझ्या शब्दकोशात बदुक या पटावरच्या खेळातील ‘सु’, म्हणजे चाल, हिच्यापुढे हाताचे चिनी अक्षर दिले आहे. ‘उपाय, शक्यता’ या अर्थाच्या ‘सु’पुढे मात्र काहीच नाही. मला हांगुल ही कोरियन लिपी वाचता येते, चिनी अक्षरे येत नाहीत, त्यामुळे जुने ग्रंथ स्वतः तपासणे शक्य नाही. व्याकरणातील वापर ठाऊक आहे. प्रश्न केवळ उगमाचा आहे.

हा ‘सु’ मुळात देशी शब्द आहे, की ‘हात’वाल्या ‘सु’चाच चिनी अक्षर गळून पडलेला अवतार, आणि हे ठरवण्यास जुन्या कोरियन लेखनात कोणता पुरावा सापडतो?