मार्चमध्ये व्हॅलेन्सियाची फायास की जुलैत क्योतोचा गिओन?

गोदाकाठचा_निवृत्त:

नमस्कार मंडळी. मे महिन्यात बँकेतून सुटलो. आता हिला घेऊन एक परदेशवारी करायची आहे, पण "दहा दिवसांत सहा देश" छापाची नको. तसली आमच्या मेहुण्यांनी केली. त्यांना आल्प्सपेक्षा बसमधली खिडकी कोणी बळकावली तेच जास्त आठवतं.

मी जुन्या नाशकातला. शनी चौकातल्या रहाडीत (रंगपंचमीचा जमिनीतला रंगाचा हौद) उड्या मारत वाढलो, त्यामुळे किल्ले-म्युझियमपेक्षा अख्खं गाव रस्त्यावर उतरलेलं बघायला आवडतं. एकच शहर, एकच उत्सव, आठवडाभर मुक्काम. यादी छाटत छाटत दोनावर आलोय: स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची फायास आणि जपानमधल्या क्योतोचा गिओन मात्सुरी. रिओचा कार्निव्हल हिने एका व्हिडिओत बाद केला.

अडचणी: हिचे गुडघे. मला बीपी. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. आणि पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नको, गावाचा स्वतःचा सण हवा. कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

पेणची_चिमणी:

काका, फायास. मी तीन वर्षं व्हॅलेन्सियात होते आणि तिन्ही मार्च तिथेच काढले, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगते.

माझं माहेर पेण, घरचा गणपतींचा कारखाना. शेवटच्या आठवड्यात बाबा डोळ्यांच्या आखणीला बसले की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी, पंधरा मार्चच्या रात्री, आमच्या नाक्यावर क्रेनने चार मजली पुतळ्याचं डोकं चढवत होते. खाली एक बाई रंगाचा डबा घेऊन जोडाच्या रेघा बुजवत होती आणि तिचा नवरा की भाऊ तिच्यावर खेकसत होता. चतुर्थीच्या आदल्या रात्रीचं आमचं अंगण, दुसरं काही नाही.

या उभारणीच्या रात्रीला प्लांता म्हणतात. पुतळ्याला निनोत, आणि अनेक निनोत मिळून जो डोलारा होतो ती फाया. शहरात चारशेच्या आसपास मंडळं आहेत (हो, मंडळंच. वर्षभर वर्गणी, तंबू, भांडणं, सगळं), आणि प्रत्येकाची एक मोठी फाया, एक मुलांची. विषय बहुतेक टिंगलीचे: पुढारी, महापौर, घरांची भाडी, बॅगा ओढत फिरणारे पर्यटक. सोळाला सकाळी परीक्षक फिरतात, तोपर्यंत सगळं उभं असलंच पाहिजे. एकोणीसला, म्हणजे सुतारांच्या संत जोसेफच्या दिवशी, रात्री सगळं जाळतात. हिवाळाभर दिवे टांगलेले लाकडी खांब सुतार वसंतात जाळून टाकायचे, त्यातून हे वाढलं असं सांगतात. लोकांच्या मतांनी एखादा निनोत आगीतून वाचवायची प्रथा १९३४ पासूनची, वाचलेले तिथल्या संग्रहालयात आहेत.

सगळे त्या जाळण्याच्या रात्रीसाठी येतात. मला विचाराल तर एकच दिवस असेल तर सोळा तारीख गाठा. रंग ताजे असतात, गर्दी त्यामानाने कमी असते आणि कारागीर झोप न झालेल्या तोंडाने आपल्याच फायेपुढे कॉफी पीत उभे असतात. तेव्हा बोलतात ते.

बीपीबद्दल मात्र ऐका. एक मार्चपासून एकोणीसपर्यंत रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्कलेता होते. ते शोभेचं दारूकाम नव्हे, भर उन्हात दिसणार काय? ती आवाजाची बांधणी आहे. ढोलपथकासारखं हळूहळू चढवत नेतात, आणि शेवटच्या मिनिटाला पायाखालचा रस्ता हलतो. त्या शेवटाला नावच "भूकंप" आहे. तिथले लोक कान झाकत नाहीत, तोंड किंचित उघडं ठेवतात. तुम्ही चौकात शिरू नका, दोन गल्ल्या मागे थांबा. तिथेही छातीत पोचतं. आणि सकाळी आठला खिडकीखाली फटाके लावून गल्ली उठवतात, तेव्हा मुक्काम मध्यवस्तीत घेऊ नका. बेनिमाक्ले भागात बरं, मेट्रो दाराशी.

काकूंसाठी सतरा आणि अठरा तारीख. ओफ्रेंदा. सगळ्या मंडळांच्या बायका-मुली रेशमी पोशाखात, कानांवर वेण्यांची चक्रं, डोक्यात पितळी फण्या, हातात फुलं घेऊन देवी मारियेच्या चौकात येतात. तिथे मोठा लाकडी सांगाडा असतो, त्यावर चढलेली माणसं खालून फेकलेले गुच्छ झेलून खोचत जातात आणि दोन दिवसांत त्या फुलांचाच देवीचा पायघोळ शालू होतो. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत रांग चालते. मूर्ती समोर आली की पुष्कळजणी रडतात. पुढे हजारो बायका उभ्या असूनही प्रत्येकीचं रडणं खासगी वाटतं. पोशाखाचं कापड जुन्या पद्धतीचं असेल तर हातमागावर विणलेलं, आणि किंमत ऐकली की पैठणी स्वस्त वाटते. हे शहर एके काळी रेशमावरच श्रीमंत झालं. रेशीम बाजाराची पंधराव्या शतकातली इमारत, लोन्खा, चुकवू नका.

खाणं: पारंपरिक पाएयात (तिथला भाताचा प्रकार) कोंबडी नि ससा असतो, भाज्यांची वेगळी मागा. रस्त्यावर लाल भोपळा घालून तळलेले बुन्युएलो मिळतात, आपल्या घारग्यांचे चुलत भाऊ. सोबत ओरचाता, नागरमोथ्याच्या जातीतल्या एका कंदाचं गार दूध. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल.

कल्याणचा_काथ्याकूट:

छान लिहिलंय, पण एक टोचतं. आपल्याकडे २०१८ पासून थर्माकोलच्या मखरावर बंदी, आणि तिथे शहरभर थर्माकोलचे पुतळे पेटवायचे? वर हा सण २०१६ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत. आपण केलं असतं तर?

पेणची_चिमणी:

टोचायलाच हवं. मलाही टोचलं. काळा धूर उठतो, दुसऱ्या दिवशी बाल्कनीत काजळी. तिथेही यावर वाद आहेत आणि काही कारागीर पुन्हा लाकूड नि कागदाकडे वळलेत. पूर्वी प्लास्टरच्या साच्यात कागदाचा लगदाच थापायचे.

बेनिकालाप भागात या कारागिरांची अख्खी वसाहत आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, वर्षभर राबून जाळताना काही वाटत नाही का? तो म्हणाला, तुझे वडील बुडवतात तेव्हा? मी म्हटलं, आम्ही पाटावर थोडी वाळू परत आणतो. त्याने विचार केला. "आम्ही काही परत आणत नाही. फार तर थकलेलं बिल."

हे बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "रंग कुठला वापरतात?"

ओसाकात_अडकलेला:

गिओनची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून. साथ शमावी म्हणून ८६९ साली सुरू झालेला उत्सव, जुलैभर चालतो. मिरवणुका दोन, १७ आणि २४ तारखेला. पहिली मोठी. आपल्याकडच्या जत्रेतल्या रथासारखे लाकडी रथ, बांधणी दोरांनी, खिळ्याविना. काहींवर चक्क शेकडो वर्षांपूर्वी युरोपातून आलेले गालिचे टांगलेले. बघायचं ते चौकातलं वळण: चाकं वळत नाहीत, म्हणून खाली बांबूच्या पट्ट्या टाकून पाणी मारतात आणि दहा-बारा टनांचा रथ हाकेसरशी आडवा सरकवतात. मी दोन तास उभा राहून तीन वळणं पाहिली, शर्ट पिळून निघाला.

आणि तीच अडचण आहे काका. क्योतोचा जुलै म्हणजे दमट भट्टी. रस्त्यालगत पैसे भरून खुर्च्या मिळतात, पण सावली नाही. शिवाय भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. तुमच्या अटी बघता मी हरलो. फक्त कधी आलातच तर "चिमाकी" विकत घेऊन खायला जाऊ नका. तो बांबूच्या पानांचा ताईत असतो, दारावर टांगायचा. मी दातांनी सोडवत होतो, दुकानातल्या आजी धावत आल्या.

गोदाकाठचा_निवृत्त:

सगळ्यांचे आभार. चिमणीताई, हिने तुमचा रेशमाचा परिच्छेद दोनदा वाचला आणि माझ्या बीपीचा एकदाही नाही, म्हणजे ठरलंच. फक्त २०२६ ला गुढीपाडवा नेमका १९ मार्चला येतोय. ही म्हणते, गुढी उतरवल्याशिवाय घर सोडणार नाही. २०२७ ला पाडवा एप्रिलात आहे, तेव्हा दीड वर्ष हातात. गुडघ्यांवरही तेवढ्यात काम होईल.

दोन शंका. व्हिसासाठी कधी अर्ज टाकू? आणि जाळण्याच्या रात्री हिला कुठे उभं करू?

पेणची_चिमणी:

शेंगेन व्हिसाला (स्पेनसाठी हाच लागतो) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तुम्ही डिसेंबरात टाकाच. राहायची जागा मात्र त्याच्याही आधी धरा, त्या आठवड्यात भाडी चढतात. माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने दोन तासांत पोचाल.

जाळण्याच्या रात्री मुख्य चौकात अजिबात नको. ती फाया सगळ्यात शेवटी पेटते आणि तोवर तिथून हलता येत नाही. मुलांच्या फाया आठच्या सुमारास पेटतात. घराजवळची एखादी छोटी गाठा. कोपऱ्यावर बंबवाले भिंतींवर पाणी मारत असतात, त्यांच्या मागे उभं राहा, ते ओरडतील तेव्हा दोन पावलं सरका. मुलांची फाया पेटली की त्या मंडळाची छोटी राणी, असेल नऊ-दहा वर्षांची, आईच्या कमरेला मिठी मारून हुंदके देते. काकूंच्या पर्समध्ये रुमाल असू द्या, त्या पोरीलाही लागतो. एकदा माझा गेला तो गेलाच.