प्रतिसाद: गाडीच्या बॅटरीवर घर चालवताना

वीज गेल्यावर इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर घर कसे चालवावे, हे सांगणाऱ्या लेखाला हा प्रतिसाद आहे. चाळीस युनिटांच्या बॅटरीवर फ्रिज, पंखे आणि दिवे तीन-चार दिवस आरामात चालतील, हा त्यातला हिशेब मला मान्य आहे. मात्र गाडीतून घेतलेली वीज दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने स्वयंपाकघरातील सॉकेटमध्ये सोडावी आणि मेन स्विच बंद ठेवावा, ही त्यातली सूचना कृपया कोणीही अमलात आणू नये. मेन स्विच चुकून चालू राहिला, तर ती वीज खांबावरच्या तारांत जाते आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने काम करून २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करू शकतो. शेजाऱ्यांच्या भाराने गाडीचा इन्व्हर्टर बहुधा लगेच बंद पडेल. परंतु तार घराजवळच तुटलेली असेल, तर तो भारही उरत नाही; मग इन्व्हर्टर चालूच राहतो आणि तुटलेल्या तारेत वीज खेळत राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात तुटलेल्या तारा जोडायला खांबांवर चढलेली माणसे आठवा; अशा वेळी खालून येणारी वीज त्यांच्या जिवावर बेतू शकते.

नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांतून सुमारे ३.३ केव्हीए (साधारण तीन किलोवॅट) वीज मिळते. तेवढ्यासाठी एक्स्टेन्शन बोर्डावरून उपकरणे थेट जोडणे पुरेसे आहे. घराच्या वायरिंगमध्येच वीज हवी असेल, तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच) परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, म्हणजे खांबावरचा आणि गाडीचा असे दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे शक्यच राहत नाही.